चित्र दिसावं, शब्द कळावा

आता पुष्कळ गावांत संगणक आला आहे. कुठे शाळेत आहे, कुठे ग्रामपंचायतीत, कुठे वाचनालयात. काहींच्या घरीही असतो. त्यावर सिनेमा लागतो. शेतीची माहिती देणारी चित्रफीत लागते. घरच्या लग्नाची, बारशाची चित्रफीत लागते. लोक हौसेनं जमतात.

पण पुढे काय होतं? पडद्यावर काळोख दिसतो. माणसं ओळखू येत नाहीत. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. नाहीतर आवाज इतका मोठा येतो, की लहान मूल दचकून रडू लागतं. मागचे ओरडतात, "अहो, आवाज वाढवा!" पुढचे म्हणतात, "कमी करा हो!" थोड्या वेळानं चार माणसं उठून जातात. कुणी तरी म्हणतं, "चित्रफीतच खराब आहे." मग संगणक बंद होतो. जे पाहायचं ते राहून जातं.

अशा वेळी पुष्कळदा चित्रफीत चांगलीच असते. ती लावताना थोडी जुळवाजुळव करावी लागते, एवढंच. ती कशी करायची, हे आम्ही येथे सांगणार आहोत. काम अवघड नाही. ज्याला रेडिओचा कान पिळून स्टेशन लावता येतं, त्याला हेही जमेल.

पोथी आणि कंदील

आधी भीतीबद्दल बोलू. संगणकाला हात लावायला आपण बिचकतो. वाटतं, आपण भलतंच काही दाबलं आणि चित्रफीत बिघडली तर? लोक काय म्हणतील?

ही भीती घालवायला एक गोष्ट ध्यानात घ्या. कंदिलाच्या उजेडात आपण पोथी वाचतो. अक्षर दिसेना, तर वात वर करतो. काच काळी झाली असेल, तर पुसतो. कंदील जवळ ओढतो. मग अक्षर दिसतं. पण वात वर केली म्हणून पोथीतली अक्षरं बदलली का? नाही. पोथी होती तशीच आहे.

चित्रफीत ही पोथीसारखी. ती दाखवणारा जो प्लेयर संगणकात असतो, तो कंदिलासारखा. आम्ही या पाठात जे जे सांगू, ते सगळं कंदिलाची वात कमीजास्त करण्यासारखं आहे. चित्र उजळ करा, आवाज वाढवा, चित्र उभं-आडवं फिरवा. मूळ चित्रफितीला धक्का लागत नाही. चुकलं तर वात पुन्हा खाली करायची.

एका शब्दाला मात्र जपा. तो शब्द म्हणजे 'डिलीट'. डिलीट म्हणजे पुसून टाकणे. ते पोथी फाडण्यासारखं आहे. ती कळ विचार केल्याशिवाय दाबू नका.

शंकूचं चित्र असलेला प्लेयर

चित्रफीत दाखवणारे प्लेयर पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतला एक घेतो. त्याचं नाव व्हीएलसी. तो ओळखायला सोपा. त्याच्या खुणेवर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा शंकू असतो. रस्त्याचं काम चालू असलं म्हणजे असे शंकू वाटेत मांडतात, तसाच.

या प्लेयरची हकीकत ऐकण्यासारखी आहे. फ्रान्स देशात पॅरिस शहराजवळ 'एकोल सेंत्राल पारी' नावाचं अभियांत्रिकीचं विद्यालय होतं. तेथल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली या कामाला सुरुवात केली. विद्यालयातल्या संगणकांच्या जाळ्यावरून चित्रं पाहता यावीत, ही त्यांची इच्छा. पुढे २००१ साली त्यांनी आपलं काम सर्वांना मोकळं केलं. कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं. आज 'व्हिडिओलॅन' ही संस्था तो सांभाळते. त्याला पैसे पडत नाहीत. मध्येच जाहिरातीही येत नाहीत. मात्र तो व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. भलत्या ठिकाणाहून घेतला, तर त्याबरोबर नको ते संगणकात शिरू शकतं.

आम्ही येथे विंडोज संगणकावरची तिसरी आवृत्ती धरून सांगत आहोत. तुमच्याकडची आवृत्ती वेगळी असेल, तर नावं थोडी इकडेतिकडे होतील. रीत तीच राहील.

प्लेयर उघडला, की वरच्या अंगाला एक ओळ दिसते. तीत आठ शब्द असतात: मीडिया, प्लेबॅक, ऑडिओ, व्हिडिओ, सबटायटल, टूल्स, व्ह्यू, हेल्प. ऑडिओ म्हणजे आवाज. व्हिडिओ म्हणजे चित्र. टूल्स म्हणजे अवजारं. हे शब्द बहुधा इंग्रजी अक्षरांत असतात. पहिल्या दिवशी शाळेतल्या एखाद्या मुलाला शेजारी बसवा. त्याच्याकडून वाचून घ्या आणि वहीत आपल्या अक्षरांत लिहून ठेवा. शिकण्यात लाज कसली?

आपली बरीचशी कामं एकाच जागी होतात. 'टूल्स'वर टिचकी मारा. खाली यादी उघडेल. तीत 'इफेक्ट्स अँड फिल्टर्स' असं लिहिलेलं असतं. त्यावर टिचकी मारा. एक चौकट उघडेल. तिचे तीन भाग आहेत: एक आवाजाचा, एक चित्राचा, आणि एक दोघांचा मेळ घालण्याचा. ही चौकट म्हणजे आपली अवजारांची पेटी.

आधी बाहेरचं पाहा

मोटार पाणी ओढत नसली, तर शहाणा शेतकरी लगेच मोटार खोलत नाही. आधी वीज आहे का, ते पाहतो. मग विहिरीत पाणी आहे का, ते पाहतो. येथेही तसंच करावं.

आवाज येत नाही? आधी स्पीकरची वायर नीट बसली आहे का, ते पाहा. स्पीकरचं बटण फिरवून पाहा. मग संगणकाच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली कर्ण्याची छोटी खूण असते, तिच्यावर टिचकी मारून तिथला आवाज वाढवा.

चित्र फिकट दिसतं? खिडकीतून ऊन येत असेल. भिंतीवर चित्र पाडत असाल, तर समोरचा दिवा मालवा. दार लोटून घ्या. पुष्कळ वेळा इतक्यानंच भागतं.

मग एक परीक्षा करा. दुसरी एखादी चांगली चित्रफीत लावून पाहा. तीही काळी दिसली, तर दोष पडद्यात किंवा यंत्रात आहे. ती चांगली दिसली, तर पहिल्या चित्रफितीसाठी जुळवाजुळव करायला हवी.

आवाज किती वाढवावा?

प्लेयरच्या खालच्या बाजूला उजवीकडे आवाजाची पट्टी असते. ती डावीकडे निमुळती आणि उजवीकडे उंच होत जाते. माउसनं ती मागेपुढे करता येते. कळफलकावरूनही करता येते. 'कंट्रोल' नावाची कळ दाबून धरा आणि वर टोक असलेल्या बाणाची कळ दाबा. आवाज वाढेल. खाली टोक असलेला बाण दाबला, तर कमी होईल. नुसती 'एम'ची कळ दाबली, तर आवाज एकदम बंद. पुन्हा दाबली, की चालू.

पट्टीवर आकडा दिसतो. १०० म्हणजे चित्रफितीत जेवढा आवाज भरला आहे, तेवढा. पट्टी त्याच्याही पुढे १२५ पर्यंत जाते. तिथे प्लेयर मूळ आवाज फुगवून देतो. आवाज मुळातच बारीक भरला असेल, तर याचा उपयोग होतो. पण आवाज मुळात मोठा असेल, तर तो फाटतो. शब्द खरखरीत होतात. म्हणून पट्टी १०० वर ठेवावी आणि बाकीचा आवाज स्पीकरच्या बटणानं वाढवावा, हे चांगलं.

काही सिनेमांत बोलणं हळू असतं आणि गाणं एकदम मोठं येतं. अशा वेळी हात सारखा पट्टीवर ठेवावा लागतो. त्याला एक उपाय आहे. अवजारांच्या चौकटीत आवाजाच्या भागात 'कॉम्प्रेसर' असतो. त्याच्यापुढच्या छोट्या चौकोनात बरोबरची खूण करा. तो मोठा आवाज दाबतो आणि हळू आवाज वर उचलतो. म्हणजे दोघांतलं अंतर कमी होतं.

कानाचीही काळजी हवी. आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. ९० डेसिबल झाला, तर आठवड्यातून फक्त ४ तास. आकडा दहानंच वाढला, पण वेळ दहावा हिस्सा उरला. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं. मग साधी खूण धरा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज फार झाला. मुलांना स्पीकरच्या तोंडाशी बसवू नका. गेलेला कान बाजारात विकत मिळत नाही.

जाडा आवाज, बारीक आवाज

कधी आवाज मोठा असतो, तरी शब्द कळत नाही. याचं कारण समजून घेऊ.

भजन चाललं आहे. पखवाज घुमतो, तो आवाज जाडा. टाळ किणकिणतात, तो आवाज बारीक. गाणाऱ्याचा गळा या दोघांच्या मधे. आवाज म्हणजे हवेची थरथर. थरथर सावकाश असेल, तर आवाज जाडा होतो. भराभर असेल, तर बारीक होतो. चांगल्या कानाला सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत थरथरी ऐकू येतात. म्हातारपणी वरचे बारीक आवाज ऐकू येईनासे होतात.

प्लेयरमध्ये जाड्या आणि बारीक आवाजांना वेगवेगळं कमीजास्त करता येतं. त्या सोयीचं नाव 'इक्वलायझर'. चौकटीच्या आवाजाच्या भागात ते पहिलंच आहे. आधी तिथे 'एनेबल' शब्दापुढे खूण करा. मग दहा उभ्या पट्ट्या हलू लागतील. प्रत्येक पट्टीवर एक मणी आहे. डावीकडच्या पट्ट्या जाड्या आवाजाच्या. उजवीकडच्या बारीक आवाजाच्या. मणी वर नेला, तर तो आवाज वाढतो. खाली आणला, तर दबतो.

एका घरची गोष्ट सांगतो. अशी गोष्ट कुठल्याही घरात घडेल. भाचा संगणक साफ करत होता. आत्या शेजारी तांदूळ निवडत होती.

भाचा म्हणाला, "आत्या, या फितीत नुसती घरघर आहे. पुसून टाकू का? जागा तरी होईल."

आत्या म्हणाली, "थांब रे बाबा! ती घरघर जात्याची आहे. तुझी आजी दळताना ओव्या म्हणत होती, तेव्हाची फीत ती."

"पण शब्द कुठे कळतात?"

"तुला नाही कळत. मला दोन-चार कळतात. आई गेली. आता पुन्हा कोण म्हणणार?"

भाचा गप्प झाला. मग त्यानं इक्वलायझर उघडलं. डावीकडचे मणी हळूहळू खाली आणले. जात्याची घरघर दबली. मग मधले मणी थोडे वर नेले. पट्ट्यांखाली आकडे असतात. हजारासाठी तिथे 'के' हे अक्षर लिहितात. एक हजारापासून तीन-चार हजारांपर्यंतच्या पट्ट्या बोलण्याच्या स्पष्टपणासाठी महत्त्वाच्या. क, ट, त, स अशी अक्षरं त्यांच्यामुळे उठून ऐकू येतात.

शब्द अगदी आरशासारखे लख्ख झाले नाहीत. पण ओवी कळू लागली. कुठे भावाचं नाव होतं, कुठे माहेरच्या गावाचं. आत्यानं तांदूळ बाजूला ठेवले. वही घेतली. फीत थांबवत थांबवत तिनं ओव्या लिहून काढल्या. आता त्या दोन ठिकाणी राहिल्या, फितीत आणि वहीत.

पुसून टाकल्या असत्या, तर?

तुम्हीही मणी हलवताना थोडे थोडे हलवा. सगळेच वर नेले, तर आवाज फाटतो. नको असलेला आवाज दाबणं हे हवा असलेला वाढवण्यापेक्षा बरं.

कधी आवाज एकाच स्पीकरमधून येतो. एका बाजूचे लोक ऐकतात, दुसऱ्या बाजूचे नुसते पाहतात. वायर ठीक असेल, तर आवाज भरतानाच तो एका बाजूला भरला गेला असेल. वरच्या ओळीतल्या 'ऑडिओ'वर टिचकी मारा. 'स्टिरिओ मोड' निवडा. आवाज डाव्या स्पीकरमधून येत असेल, तर 'लेफ्ट' निवडा. उजव्यातून येत असेल, तर 'राइट'. तोच आवाज आता दोन्हीकडून येईल.

ओठ आधी, शब्द मागून

ओढ्याच्या पलीकडे कुणी धुणं धूत आहे. कपडा दगडावर आपटलेला आपल्याला लगेच दिसतो. आवाज मागून येतो. कारण आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. उजेड त्यापेक्षा फारच भराभर येतो.

चित्रफितीतही कधी असं होतं. पडद्यावर ओठ हलतात आणि शब्द मागून येतो. किंवा शब्द आधी येतो आणि ओठ मागून हलतात. येथे कारण वेगळं असतं. चित्र आणि आवाज फितीत वेगवेगळे भरलेले असतात. भरताना किंवा चालवताना त्यांचा मेळ चुकतो.

त्यासाठी दोन कळा आहेत. 'जे' आणि 'के'. शब्द मागून येत असेल, तर 'जे' दाबा. आवाज पुढे ओढला जातो. शब्द आधी येत असेल, तर 'के' दाबा. आवाज मागे ठेवला जातो. एकदा दाबलं, की सेकंदाच्या विसाव्या भागाइतका फरक पडतो. म्हणजे एका सेकंदाचा फरक घालवायला वीस वेळा दाबावं लागेल. कळफलक मराठीवर असेल, तर या कळा दाबण्याआधी तो इंग्रजीवर आणा.

मेळ बसला की नाही, हे कसं ओळखावं? जिथे कुणी टाळी वाजवतं, दार आपटतं किंवा घण मारतं, ती जागा पाहा. ठोका दिसला आणि त्याच क्षणी ऐकू आला, म्हणजे बसला.

काळोखातलं चित्र

आता चित्राकडे वळू. तीच चौकट उघडा आणि 'व्हिडिओ इफेक्ट्स' हा भाग निवडा. तिथे 'इमेज अॅडजस्ट' असं लिहिलेलं असतं. त्यापुढे खूण करा. खाली पाच पट्ट्या आहेत.

'ब्राइटनेस' म्हणजे उजेड. हा वाढवला, की सगळं चित्र उजळ होतं. फार वाढवला, तर काळंही राखेसारखं दिसतं.

'कॉन्ट्रास्ट' म्हणजे काळ्या-पांढऱ्यातलं अंतर. चित्र धुक्यात असल्यासारखं दिसत असेल, तर हा थोडा वाढवा.

'सॅच्युरेशन' म्हणजे रंगाचा गडदपणा. अगदी कमी केला, तर चित्र रंगहीन होतं. फार वाढवला, तर हळदीचा रंग डोळ्यांत खुपतो.

'ह्यू' म्हणजे रंगांची अदलाबदल. हा फिरवला, तर तांबडं हिरवं दिसू लागेल. याला बहुधा हात लावायची गरज पडत नाही.

'गॅमा' ही फार उपयोगी पट्टी. ती वाढवली, की काळोखातला भाग जास्त उजळतो आणि जो भाग आधीच उजळ आहे, तो थोडाच बदलतो. रात्रीच्या वरातीचं चित्रण घ्या. बत्तीचा उजेड लख्ख, पण माणसांचे चेहरे काळोखात. तिथे ब्राइटनेस वाढवला, तर बत्ती नुसती पांढरा गोळा होते. गॅमा थोडी वाढवली, तर चेहरे दिसू लागतात.

एका वेळी एकच मणी हलवा. आमटीत मीठ कसं घालतो? चिमूटभर घालतो, चाखतो, मग पुन्हा घालतो. तसंच हे. आणि खूण म्हणून ओळखीची वस्तू पाहा. पांढरं धोतर पांढरं दिसतं का? कुंकू लाल दिसतं का? पान हिरवं दिसतं का? ही तीन जमली, म्हणजे बाकीचं जमलंच.

माणूस लठ्ठ का दिसतो?

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनं १९३६ साली 'संत तुकाराम' हा बोलपट काढला. दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकारामांचं काम विष्णुपंत पागनीसांनी केलं. त्या काळच्या सिनेमाचं चित्र जवळजवळ चौकोनी असे. रुंदी चार भाग, तर उंची सुमारे तीन भाग. आजचा संगणकाचा पडदा बहुधा १६ भाग रुंद आणि ९ भाग उंच असतो.

आता तो जुना सिनेमा या रुंद पडद्यावर लावला, म्हणजे दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. कुणी म्हणतं, "पडदा वाया गेला. चित्र ताणून घ्या." चित्र ताणलं, की तुकाराम आडवे सुटतात. विठ्ठलाची मूर्ती बुटकी दिसते. बाजूचे काळे पट्टे हा दोष नव्हे. ते असले, म्हणजे माणूस माणसासारखा दिसतो.

चित्र ताणलेलं किंवा चेपलेलं असेल, तर 'ए'ची कळ दाबा. दर वेळी दाबली, की चित्राचा आकार बदलतो आणि त्या आकाराचे आकडे पडद्यावर दिसतात. माणसाचा चेहरा, गाडीचं चाक, पौर्णिमेचा चंद्र पाहा. चाक गोल दिसलं, की थांबा. 'सी'ची कळ चित्राच्या कडा कापते. ती जपून वापरा. नाहीतर उभ्या माणसाचं डोकंच जायचं.

मोबाइलवर घेतलेलं चित्र कधी कधी आडवं पडलेलं दिसतं. माणसं भिंतीवर निजल्यासारखी. मान वाकडी करून पाहायची गरज नाही. 'व्हिडिओ इफेक्ट्स'मध्ये 'जॉमेट्री' हा भाग आहे. तिथे 'ट्रान्सफॉर्म'पुढे खूण करा आणि चित्र ९० अंशांत फिरवा. तरी उलटं राहिलं, तर २७० अंश निवडा.

जुन्या लग्नाच्या कॅसेटवरून संगणकात घेतलेल्या चित्रात आणखी एक खोड असते. माणूस चालू लागला, की त्याच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं दाखवत. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या ओळी. दोन हप्त्यांच्या मधे माणूस जरासा पुढे सरकतो. संगणक दोन्ही हप्ते एकदम दाखवतो, म्हणून दात दिसतात. 'डी'ची कळ दाबा. प्लेयर या ओळी सारख्या करून घेतो.

पुन्हा पहिल्यासारखं

फार गोंधळ झाला, तर घाबरू नका. ज्या ज्या चौकोनात खूण केली, ती खूण काढून टाका. चित्र आणि आवाज पहिल्यासारखे होतील. दुसरी चित्रफीत लावण्याआधीही खुणा काढाव्यात. नाहीतर रात्रीच्या वरातीसाठी केलेली जुळवाजुळव दिवसाच्या चित्राला लागू होईल आणि ते पांढरंफटक दिसेल. त्याच चौकटीत 'सेव्ह'चं बटण आहे. ते दाबलं, तर ही जुळवाजुळव प्लेयर पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवतो. म्हणून ते सहसा दाबू नका.

तरीही जमलं नाही, तर 'टूल्स'मध्ये 'प्रेफरन्सेस' उघडा. खाली 'रिसेट प्रेफरन्सेस' हे बटण आहे. ते दाबलं, की प्लेयर नव्यासारखा होतो. मग तो बंद करून पुन्हा उघडा. यानंही चित्रफितीला काही होत नाही.

जे होणार नाही, तेही सांगतो

कंदील कितीही मोठा केला, तरी पोथीत नसलेलं अक्षर दिसत नाही. चित्र काढतानाच कॅमेरा हलला असेल आणि चेहरा पुसट आला असेल, तर कुठल्याही पट्टीनं तो रेखीव होत नाही. बोलणारा दूर होता आणि मधे वारा घोंघावत होता, तर सगळे शब्द परत मिळणार नाहीत. हे लक्षात घेऊन पुढच्या वेळी चित्रण करताना उजेड माणसाच्या तोंडावर येऊ द्या. बोलणाऱ्याच्या जवळ जा. पंखा बंद करा.

आणखी एक. मूळ चित्रफीत बदलत नाही, हे आपण पाहिलं. म्हणजेच तुम्ही केलेली जुळवाजुळव तिच्यात उतरत नाही. तीच चित्रफीत दुसऱ्या संगणकावर नेली, तर सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून वहीत टिपून ठेवा. कुठल्या फितीला गॅमा किती, 'जे' किती वेळा, डावे मणी कुठे. आता लिहिता येतं, तर त्याचा असा उपयोग करा.

आणि घरातल्या जुन्या फितींची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा. पेन ड्राइव्हवर घेऊन ती भावाच्या नाहीतर लेकीच्या घरी द्या. आपण बियाणं एकाच कणगीत ठेवत नाही. फीतही ठेवू नये.

लक्षात ठेवा

१. आधी वायर, स्पीकर आणि खोलीतला उजेड पाहा. मग प्लेयरला हात लावा.
२. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही थोडी थोडी.
३. आवाज १०० च्या पुढे नेण्याआधी स्पीकरचं बटण फिरवा. कानाला जपा.
४. दुसरी चित्रफीत लावण्याआधी खुणा काढा.
५. दिसत नाही, ऐकू येत नाही, म्हणून कुठलीही जुनी फीत लगेच पुसू नका. आधी जुळवून पाहा.

सांगा पाहू

१. शब्द आधी येतो आणि ओठ मागून हलतात. तुम्ही कोणती कळ दाबाल?
२. अर्ध्या सेकंदाचा फरक घालवायला ती कळ किती वेळा दाबावी लागेल?
३. रात्रीच्या चित्रात चेहरे काळे दिसतात. ब्राइटनेस वाढवाल, की गॅमा? का?
४. तुमच्या घरी एखादी जुनी फीत आहे का? तीत कुणाचा आवाज आहे? ती लावा, नीट ऐका आणि त्यातल्या चार ओळी वहीत लिहून आणा.